बृहन्मुंबईतील पर्जन्यजल निचरा व्यवस्था : वहन, भरती आणि साठवण यांचा अभ्यास

सारांश

बृहन्मुंबईत दर पावसाळ्यात सखल भागांत पाणी साचते आणि त्याचे कारण सामान्यतः अपुऱ्या किंवा तुंबलेल्या नाल्यांत शोधले जाते. हे कारण खरे असले तरी अपुरे आहे. पावसाची तीव्रता, जमिनीची पाणी मुरवण्याची क्षमता आणि समुद्राची भरती या तीन घटकांच्या परस्परसंबंधातून शहराच्या निचऱ्याचे स्वरूप ठरते. प्रस्तुत लेखात मुंबईच्या पर्जन्यजल वाहिन्यांची रचना, त्यामागील गणित, २६ जुलै २००५ चा महापूर आणि त्यानंतरच्या उपाययोजना यांचा आढावा घेतला आहे. वाहिन्यांची वहनक्षमता वाढविण्यावर भर देताना पाण्याला काही काळ थांबण्यासाठी लागणाऱ्या जागेकडे शहर नियोजनाचे दुर्लक्ष झाले, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

महत्त्वाचे शब्द : पर्जन्यजल वाहिनी, अपधाव, पातमुख, उदंचन केंद्र, भरती, साठवण.

प्रस्तावना

पाणीपुरवठा आणि पाण्याचा निचरा ही कोणत्याही शहराची दोन मूलभूत गरजांची अंगे आहेत. त्यांपैकी पहिल्याची जाणीव नागरिकांना रोज सकाळी नळ उघडताना होते. दुसऱ्याची जाणीव मात्र व्यवस्था कोलमडते त्या दिवशीच होते. रस्त्याखालून जाणारी पावसाळी गटारे, वस्तीमागून वाहणारे नाले आणि समुद्राच्या तोंडाशी असलेले दरवाजे यांच्याकडे एरवी कोणी पाहत नाही. म्हणूनच या विषयावरील सार्वजनिक चर्चा बहुधा जून महिन्यात सुरू होते आणि ऑक्टोबरमध्ये संपते.

मुंबईच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. येथे वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यातही मोठा वाटा मोजक्या अतिवृष्टीच्या दिवसांचा असतो. शहराला वर्षभरात किती पाणी मिळते यापेक्षा ते एका तासात किती मिळते, हा निचऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१. मुंबईच्या पर्जन्यजल निचरा व्यवस्थेची रचना व कार्यपद्धती समजून घेणे.
२. पावसाची तीव्रता, अपधाव आणि भरती यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
३. २००५ नंतर करण्यात आलेल्या उपाययोजनांचे स्वरूप व मर्यादा तपासणे.

हा अभ्यास वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून तो दुय्यम माहितीवर आधारलेला आहे. विषय स्पष्ट व्हावा म्हणून काही ठिकाणी साधी अंकगणिती उदाहरणे दिली आहेत. ती समजुतीसाठी आहेत, प्रत्यक्ष मोजमापे नव्हेत.

विषय विवेचन

१. भूरचनेचा वारसा

मुंबई हे मुळात सात बेटांचे शहर. या बेटांमधील खाड्या, दलदली आणि भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणारे सखल पट्टे भरून आजचे शहर उभे राहिले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी वेलार्ड हा बांध घालून मुंबई व वरळी या बेटांमधील खिंड बंद करण्यात आली. त्यामुळे भरतीचे पाणी आत येणे थांबले आणि मागची विस्तीर्ण जमीन वस्तीसाठी मोकळी झाली. परंतु समुद्र अडवल्याने जमिनीची उंची वाढली नाही. ज्या खोलगट भागांत पूर्वी समुद्राचे पाणी शिरत असे, तेथे आता पावसाचे पाणी उतरू लागले. परळ-दादर परिसरातील हिंदमाता हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. हा भाग बशीसारखा आहे. भोवतालच्या उंच रस्त्यांवरचे पाणी तेथे उतरते, मात्र तेथून बाहेर पडण्यासाठी त्याला पुरेसा उतार मिळत नाही.

उपनगरांची रचना वेगळी आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांतून दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या नद्या उगम पावतात. विहार व पवई तलावांच्या सांडव्यांपासून सुरू होणारी मिठी नदी सुमारे १८ किलोमीटरचा प्रवास करून माहीमच्या खाडीला मिळते. या नद्या लांबीने लहान असल्या तरी डोंगरातून वेगाने उतरतात आणि पुढे सपाट प्रदेशात मंदावतात. पूर्वी या सपाट भागांत शेते, मिठागरे, तिवरांची वने आणि दलदली होत्या, व पुराचे पाणी तेथे पसरत असे. कालांतराने याच भागांत औद्योगिक वसाहती, झोपडवस्त्या, विमानतळाचा विस्तार आणि व्यापारी संकुले उभी राहिली. मिठीचा प्रवाह विमानतळाच्या धावपट्टीखालून जातो. तिच्या मुखाजवळच्या दलदलीवर वांद्रे-कुर्ला संकुल वसले आहे.

२. व्यवस्थेची रचना

मुंबईत मलजल आणि पर्जन्यजल यांसाठी दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. घराघरांतील सांडपाणी मलनिःसारण वाहिन्यांतून प्रक्रिया केंद्रांकडे जावे आणि पावसाचे पाणी पर्जन्यजल वाहिन्यांतून थेट समुद्राला मिळावे, असे हे नियोजन आहे. पर्जन्यजल व्यवस्थेचे जाळे झाडाच्या मुळांसारखे आहे. रस्त्याकडेच्या लहान गटारांतले पाणी भूमिगत वाहिन्यांत, तेथून छोट्या नाल्यांत, पुढे मोठ्या नाल्यांत आणि अखेर समुद्रात किंवा खाडीत जाते. रस्त्याकडेच्या गटारांची एकूण लांबी सुमारे २००० किलोमीटर असून ती प्रामुख्याने उपनगरांत आहेत. शहर विभागातील भूमिगत वाहिन्या सुमारे ४४० किलोमीटर आहेत. मोठे नाले सुमारे २०० किलोमीटर, तर छोटे नाले सुमारे ८७ किलोमीटर लांबीचे आहेत. शहर विभागातील वाहिन्यांचा मोठा भाग ब्रिटिश राजवटीत बांधला गेला आहे.

वाहिनी जेथे समुद्राला किंवा खाडीला मिळते त्या जागेस ‘पातमुख’ म्हणतात. मुंबईत अशी १८६ पातमुखे नोंदली गेली आहेत. त्यांच्या उंचीचा तपशील या संपूर्ण प्रश्नाचे मर्म सांगणारा आहे. ४५ पातमुखे समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत. १३५ पातमुखे सरासरी पातळीच्या वर परंतु भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. भरतीच्या पातळीच्या वर केवळ ६ पातमुखे आहेत. याचा अर्थ असा की, मोठ्या भरतीच्या वेळी सहा पातमुखे वगळता अन्य सर्व ठिकाणी समुद्राची पातळी पातमुखापेक्षा उंच असते.

३. अपधावाचे गणित

पावसाचे जे पाणी जमिनीत न मुरता पृष्ठभागावरून वाहून जाते त्यास ‘अपधाव’ म्हणतात. पडलेल्या पावसापैकी किती भाग अपधावात रूपांतरित होतो हे दर्शविणारी संख्या म्हणजे अपधाव गुणांक. निम्मे पाणी वाहून गेले तर हा गुणांक ०.५ आणि सर्व पाणी वाहून गेले तर १ मानतात. गुणांक, पावसाची तीव्रता आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार केला की वाहिनीला किती प्रवाह पेलावा लागेल याचा अंदाज येतो. लहान क्षेत्रासाठी अभियंते हेच सूत्र वापरतात.

मुंबईची जुनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस, ०.५ अपधाव गुणांक आणि ओहोटीची वेळ या गृहीतांवर आखलेली होती. एक हेक्टर जमिनीवर तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २५० घनमीटर पाणी जमा होते. त्यातील निम्मे मुरले तर वाहिनीला तासाला १२५ घनमीटर पाणी वाहून न्यावे लागते. हे गृहीत धरले गेले तेव्हा शहरात अंगणे, वाड्या, बागा व मोकळी मैदाने होती. पुढे हीच जमीन डांबर, काँक्रीट आणि फरश्यांखाली गेली. जेथे पाणी मुरायला जागाच उरलेली नाही तेथे गुणांक १ च्या जवळ जातो. याचा अर्थ, पाऊस तेवढाच राहिला आणि वाहिनीही तीच राहिली, तरी केवळ जमिनीचा पृष्ठभाग बदलल्यामुळे वाहिनीवरील भार दुप्पट होतो.

मुंबईच्या निचऱ्याविषयीच्या चर्चेत हा मुद्दा बहुधा हरवतो. ‘ब्रिटिशांची गटारे लहान पडली’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात गटारे होती तेवढीच राहिली आणि त्यांच्याकडे येणारे पाणी वाढले. एखाद्या भूखंडावरील अंगण फरसबंद करण्याचा निर्णय हा त्या भूखंडापुरता वाटतो. मात्र त्याचा परिणाम उताराच्या खालच्या टोकाला राहणाऱ्या कुटुंबाच्या उंबरठ्यावर दिसतो.

४. भरतीचे कुलूप

गटारातील पाणी गुरुत्वाकर्षणाने वाहते, म्हणून त्याला उंचीतील फरक लागतो. समुद्राची पातळी पातमुखाच्या वर गेली की हा फरक नाहीसा होतो. पाणी बाहेर जाणे तर थांबतेच, शिवाय समुद्राचे पाणी वाहिनीत उलटे शिरू शकते. ते रोखण्यासाठी काही पातमुखांवर भरतीरोधक दरवाजे बसविलेले असतात. दरवाजा बंद केल्यावर समुद्र बाहेर राहतो, परंतु पावसाचे पाणीही आतच अडकते.

मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरतींमध्ये साधारणतः साडेबारा तासांचे अंतर असते. अमावस्या व पौर्णिमेच्या सुमारास येणारी उधाणाची भरती सर्वांत मोठी, तर अष्टमीच्या सुमारास येणारी भांगाची भरती त्या मानाने लहान असते. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती साधारणपणे दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी महानगरपालिका दरवर्षी पावसाळ्यापूर्वी जाहीर करते ती याच कारणाने. भरतीचा दिवस आणि तास वर्षभर आधी सांगता येतो. मुसळधार पाऊस त्याच तासाला गाठेल की नाही, हे मात्र सांगता येत नाही.

त्यामुळे मुंबईच्या निचऱ्यात ‘किती’ या प्रश्नाइतकाच ‘केव्हा’ हा प्रश्न निर्णायक ठरतो. ओहोटीच्या वेळी पडलेला पाऊस जेथे तासाभरात ओसरतो, तेथेच भरतीच्या वेळी पडलेला तेवढाच पाऊस गुडघाभर पाणी साचवतो. वाहिनी कितीही रुंद केली तरी तिच्या तोंडाशी समुद्र उभा असेपर्यंत त्या रुंदीचा उपयोग मर्यादित राहतो.

५. २६ जुलै २००५

२६ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठपासून २४ तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्यात केवळ ७४ मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. एकाच शहराच्या दोन केंद्रांमधील ही तफावत लक्षणीय आहे. दुपारनंतरच्या काही तासांत सांताक्रूझ येथे पावसाची तीव्रता ताशी सुमारे १९० मिलिमीटरपर्यंत पोहोचली. दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी ४.४८ मीटरची भरती होती. म्हणजे उपनगरांवर सर्वाधिक पाऊस कोसळत होता आणि त्याच वेळी पातमुखे समुद्राने बंद केली होती.

वर दिलेल्या उदाहरणाच्या भाषेत सांगायचे तर, ज्या हेक्टरमधून तासाला १२५ घनमीटर पाणी वाहून नेण्याची तयारी होती, तेथे तासाला १९०० घनमीटर पाणी जमा होत होते. हा भार पंधरा पटींचा होता. मिठी नदीने आपले पूर्वीचे पसरण्याचे क्षेत्र परत घेतले. फरक एवढाच, की आता त्या क्षेत्रात माणसे राहत होती. मुंबईत चारशेहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. कोणी प्रवाहात वाहून गेले, कोणी दरड कोसळून, तर कोणी पाण्यात अडकलेल्या मोटारींत गुदमरून मरण पावले. पूर ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिससारख्या रोगांनीही बळी घेतले. लोकल गाड्या बंद पडल्या, विमानतळ बंद ठेवावा लागला आणि लक्षावधी नोकरदार रात्रभर पाण्यातून चालत घरी गेले.

या घटनेनंतर राज्य शासनाने डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. समितीने मार्च २००६ मध्ये अहवाल सादर केला. ऑगस्ट २००५ मध्ये मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरणाची स्थापना झाली. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीवर निर्बंध आणणारा आदेश दिला आणि सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात त्यास कायमचे रूप दिले. महानगरपालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक यंत्रे बसविली. त्यामुळे केवळ कुलाबा व सांताक्रूझ या दोन केंद्रांवर अवलंबून राहण्याची स्थिती संपली. जून २०२० मध्ये मुंबईसाठी ‘आयफ्लोज’ ही पूरइशारा प्रणाली कार्यान्वित झाली.

६. ब्रिमस्टोवॅड प्रकल्प आणि उदंचन केंद्रे

मुंबईला आपल्या व्यवस्थेची मर्यादा २००५ मध्ये प्रथमच कळली असे नाही. १९८५ च्या पुरानंतर महानगरपालिकेने सल्लागारांकरवी सविस्तर अभ्यास करून घेतला होता. १९९३ मध्ये सादर झालेला हा अहवाल ‘ब्रिमस्टोवॅड’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. त्याने ताशी ५० मिलिमीटर पाऊस आणि अपधाव गुणांक १ हे नवे निकष सुचविले. जुन्या निकषाच्या तुलनेत ही वाढ दुप्पट वाटते, पण तीव्रता आणि गुणांक दोन्ही दुप्पट झाल्याने प्रतिहेक्टर प्रवाह १२५ वरून ५०० घनमीटरवर, म्हणजे चौपट होतो. अहवालातील शिफारशींची अंमलबजावणी मात्र दीर्घकाळ संथ राहिली. २००५ च्या आपत्तीनंतर प्रकल्पाला गती मिळाली. २००७ मध्ये केंद्र शासनाने त्यासाठी सुमारे १२०० कोटी रुपयांचे साहाय्य मंजूर केले. बारा वर्षे कागदावर असलेल्या अहवालाला एका दिवसाच्या पावसाने निधी मिळवून दिला, ही बाब प्रशासनाच्या अभ्यासकांनी विचारात घेण्यासारखी आहे.

प्रकल्पात नाल्यांचे रुंदीकरण व खोलीकरण, जुन्या वाहिन्यांची दुरुस्ती आणि आठ ठिकाणी उदंचन केंद्रे यांचा समावेश होता. उदंचन केंद्र हे भरतीच्या कुलपावरील थेट उत्तर होय. भरती चढू लागली की पातमुखाचा दरवाजा बंद केला जातो. दरवाजामागे साचणारे पाणी जाळ्यांमधून कचरा अडवून विहिरीत घेतले जाते. तेथून शक्तिशाली पंप ते उचलून दरवाजापलीकडे समुद्रात सोडतात. ओहोटी लागली की दरवाजा पुन्हा उघडतो आणि पाणी नैसर्गिक उताराने वाहू लागते. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंद ही सहा केंद्रे २०१० नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने सुरू झाली. माहुल व मोगरा ही दोन केंद्रे जागेच्या प्रश्नांमुळे रखडली आणि २०२५ च्या पावसाळ्यापर्यंत कार्यान्वित झालेली नव्हती.

या केंद्रांतील एका पंपाची क्षमता सेकंदाला सुमारे ६००० लिटर म्हणजे तासाला २१,६०० घनमीटर आहे. हा आकडा प्रचंड वाटतो. तथापि प्रतिहेक्टर ५०० घनमीटर हा निकष लावल्यास एक पंप सुमारे ४३ हेक्टर क्षेत्राचे, म्हणजे अर्ध्या चौरस किलोमीटरपेक्षाही कमी जागेचे पाणी उचलू शकतो. पाऊस ताशी ५० मिलिमीटरच्या पुढे गेला की हे क्षेत्र आणखी आक्रसते. शिवाय पंपाला वीज लागते, जाळ्या सतत साफ ठेवाव्या लागतात आणि मुख्य म्हणजे पाणी पंपापर्यंत पोहोचवणाऱ्या वाहिन्या मोकळ्या असाव्या लागतात.

या उपायांनी परिस्थिती सुधारली हे मान्य करावे लागेल. अनेक ठिकाणी पाणी साचण्याचा कालावधी घटला आहे. परंतु ५ ऑगस्ट २०२० रोजी २४ तासांत कुलाब्यात ३३१ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तेव्हा दक्षिण मुंबईतील एरवी पाणी न साचणारे परिसरही जलमय झाले. २००५ मध्ये ढगांनी उपनगर निवडले होते आणि २०२० मध्ये कुलाबा. विशिष्ट ‘पाणी साचणाऱ्या ठिकाणां’ची यादी करून त्यांवर इलाज करण्याची पद्धत अशा वेळी अपुरी पडते.

७. पाण्याला थांबायला जागा

दरवाजा बंद आहे, पंपाची क्षमता संपली आहे आणि पाऊस सुरूच आहे, अशा स्थितीत पाण्यापुढे एकच पर्याय उरतो. त्याला कोठेतरी थांबावे लागते. शहराने ती जागा नेमून दिली नसेल तर पाणी ती स्वतः शोधते. ती जागा रस्त्यावर असते, भुयारी मार्गात असते किंवा तळमजल्यावरील घरात असते.

एक साधे उदाहरण घेता येईल. भरतीमुळे पातमुख चार तास बंद आहे आणि त्या काळात ताशी २५ मिलिमीटर पाऊस पडत आहे, असे मानू. एक चौरस किलोमीटर फरसबंद क्षेत्रावर या चार तासांत १०० मिलिमीटर, म्हणजे एक लाख घनमीटर अथवा दहा कोटी लिटर पाणी जमा होईल. हा पाऊस मुंबईच्या मानाने असामान्य नाही. तरीही प्रत्येक चौरस किलोमीटरमागे एवढ्या पाण्याची तात्पुरती सोय करावी लागते.

पूर्वी ही सोय तलाव, दलदली, मिठागरे, तिवरांचे पट्टे आणि मातीची मैदाने करत असत. त्यासाठी कोणताही निधी लागत नव्हता. आता शहर तीच सोय विकत घेत आहे. हिंदमाता परिसरासाठी परळचे सेंट झेवियर्स मैदान व दादरचे प्रमोद महाजन कला उद्यान यांच्या खाली भूमिगत टाक्या बांधण्यात आल्या. सांताक्रूझच्या मिलन भुयारी मार्गासाठीही असाच उपाय योजण्यात आला. पावसाचे साचलेले पाणी या टाक्यांत घ्यायचे आणि भरती ओसरल्यावर सोडायचे, अशी ही योजना आहे. पाण्याला थांबण्यासाठी जागा हवी, हे तत्त्व या टाक्यांच्या रूपाने प्रशासनाने मान्य केले आहे. मात्र त्यांची क्षमता काही कोटी लिटरची आहे आणि वरील गणित पाहता त्या एखाद्या चौकाला दिलासा देऊ शकतात, संपूर्ण पाणलोटाला नव्हे.

या पार्श्वभूमीवर उरलेल्या मोकळ्या सखल जमिनींचे मूल्य वेगळ्या पद्धतीने मोजण्याची गरज आहे. २०२४ मध्ये केंद्र शासनाने पूर्व उपनगरांतील मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावीतील रहिवाशांच्या घरांसाठी राज्याकडे हस्तांतरित करण्यास मान्यता दिली. घरांची गरज खरी आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु अशा जमिनीची किंमत ठरवताना ती पावसाळ्यात किती पाणी धरून ठेवते आणि ते पाणी पुढे कोणाच्या दारात जाईल, याचा हिशेब मांडला गेला पाहिजे. बांधकामाच्या कागदपत्रांत चटईक्षेत्राचा रकाना असतो, पाणी धरण्याच्या क्षमतेचा नसतो.

८. गाळ, मलजल आणि माणसे

पर्जन्यजल व्यवस्था कागदावर केवळ पावसाच्या पाण्यासाठी असली तरी प्रत्यक्षात तिच्यातून वर्षभर काही ना काही वाहत असते. ज्या वस्त्यांना मलनिःसारण वाहिन्यांची जोडणी नाही तेथील सांडपाणी जवळच्या नाल्यात जाते. त्यात बांधकामाचा राडारोडा, माती व प्लॅस्टिकची भर पडते. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी असूनही नाल्यांच्या तोंडाशी साचणारा कचरा कमी झालेला दिसत नाही. सपाट उतारामुळे प्रवाह मंद असतो आणि मंद प्रवाहात गाळ तळाशी बसतो. म्हणून नालेसफाई हे एकदाच करण्याचे काम न राहता दरवर्षीचे काम बनते. या कामाच्या विश्वासार्हतेबद्दलही प्रश्न उपस्थित झाले आहेत. मिठी नदीतील गाळ काढण्याच्या कंत्राटांमधील कथित गैरव्यवहाराबाबत मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने २०२५ मध्ये गुन्हा नोंदविला.

नालेसफाईचे वेळापत्रक जूनमधील पावसाचे आगमन गृहीत धरते. २६ मे २०२५ रोजी मोसमी पाऊस मुंबईत नोंदींतील सर्वांत लवकर दाखल झाला. त्या दिवशी दक्षिण व मध्य मुंबईत ठिकठिकाणी पाणी साचले आणि नुकतेच सुरू झालेले आचार्य अत्रे चौक हे भुयारी मेट्रो स्थानक पाण्याने भरले. निसर्गाचे वेळापत्रक बदलत असताना कंत्राटाचे वेळापत्रक तेच ठेवता येणार नाही, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

या व्यवस्थेच्या अपयशाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. नाल्याच्या काठावर राहणारी कुटुंबे सर्वप्रथम पाण्यात जातात आणि नाला रुंद करायचा झाल्यास सर्वप्रथम त्यांचेच घर पाडले जाते. पुनर्वसन दूर झाले तर रोजगार तुटतो. पाणी लवकर ओसरावे म्हणून उघडलेली मॅनहोलची झाकणे गढूळ पाण्याखाली दिसत नाहीत आणि त्यांत पडून माणसे दगावली आहेत. २०१७ नंतर महानगरपालिकेने मॅनहोलखाली संरक्षक जाळ्या बसविण्याचे काम हाती घेतले. अंधाऱ्या वाहिन्यांत उतरून गाळ काढणारे कामगार तर या चर्चेत क्वचितच दिसतात.

निष्कर्ष

१. मुंबईतील पाणी साचण्याची समस्या केवळ वाहिन्यांच्या अपुऱ्या आकारामुळे निर्माण झालेली नसून अपधावातील वाढ, पातमुखांची उंची आणि साठवण क्षेत्रांचा ऱ्हास यांचा तो एकत्रित परिणाम आहे.
२. अपधाव गुणांक ०.५ वरून १ कडे गेल्यामुळे पाऊस न वाढताही व्यवस्थेवरील भार दुप्पट होतो. त्यामुळे जमिनीच्या वापराविषयीचा प्रत्येक निर्णय हा निचऱ्याविषयीचाही निर्णय असतो.
३. उदंचन केंद्रे आवश्यक व उपयुक्त आहेत, परंतु त्यांची क्षमता मर्यादित क्षेत्रापुरती आहे.
४. भरतीच्या काळात पाणी थांबवून ठेवणारी जागा ही व्यवस्थेचा तेवढाच महत्त्वाचा घटक आहे आणि नियोजनात तो आजवर दुर्लक्षित राहिला आहे.
५. महानगरपालिका, रेल्वे, विमानतळ, बंदर आणि प्रादेशिक विकास प्राधिकरण यांच्या हद्दींत पाणलोट विभागला गेला आहे. पाणी मात्र या हद्दी जाणत नाही.

उपाययोजना

१. विकास परवानगी देताना भूखंडातून बाहेर पडणारा अपधाव बांधकामापूर्वीच्या पातळीपेक्षा वाढणार नाही, अशी अट असावी. मुंबईत मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना २००२ पासून पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. त्याची पावसाळ्यात प्रत्यक्ष तपासणी व्हावी.
२. मैदाने, मिठागरे, तलाव व तिवरक्षेत्रे यांची पाणी धरून ठेवण्याची क्षमता मोजून ती पाणलोटनिहाय नोंदवली जावी आणि विकास आराखड्यात दर्शविली जावी.
३. गाळ काढण्याचे काम वर्षभर विभागून करावे व काढलेल्या गाळाचे मोजमाप नागरिकांना पाहता येईल असे ठेवावे.
४. नाल्याकाठच्या कुटुंबांचे पुनर्वसन शक्यतो त्याच परिसरात व्हावे. वाहिन्यांत माणूस उतरवण्याऐवजी यंत्रांचा वापर करावा.
५. महाविद्यालयांनी आपल्या आवारापासून सुरुवात करावी. भूगोल, अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभागांच्या विद्यार्थ्यांनी आवारातील फरसबंद व मोकळी जमीन मोजणे, पर्जन्यमापक ठेवणे आणि परिसरातील पाणी साचण्याच्या वेळा भरतीच्या वेळापत्रकाशी ताडून पाहणे शक्य आहे. या कामास विशेष खर्च येत नाही आणि त्यातून पाच-सात वर्षांत स्थानिक पातळीवरील उपयुक्त नोंदी तयार होतील.

समारोप

पाणी आपल्या जुन्या वाटा विसरत नाही, असे जुनी माणसे म्हणतात. मुंबईच्या बाबतीत त्यात एवढीच भर घालता येईल की, पाणी आपल्या थांबण्याच्या जागाही विसरत नाही. गेल्या दीडशे वर्षांत या शहराने पाण्याला वाटा करून दिल्या आणि त्याच्या थांबण्याच्या जागा मात्र काढून घेतल्या. आता कोट्यवधी रुपये खर्चून मैदानांखाली टाक्या खोदल्या जात असताना, त्याच मैदानांवरची आणि मिठागरांवरची उघडी माती वाचवणे हा अधिक स्वस्त आणि टिकाऊ मार्ग आहे. पुढचा २६ जुलै केव्हा येईल हे सांगता येणार नाही. त्या दिवशी पाणी मैदानात थांबेल की घरात शिरेल, हे मात्र आजच्या निर्णयांवर अवलंबून आहे.